चालून आल्यावर बीपी वाढलेलं का दिसतं?

प्रश्न : वय ६६. तीन महिने झाले, रोज सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात पाऊण तास चालते. निघताना बीपी १४२/७४ असतं आणि घरी आल्या आल्या मोजलं की वरचा आकडा १५८-१६०. चालल्याने बीपी उतरतं म्हणतात, मग माझं उलटं कसं? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : उलटं काही नाही, मोजायची वेळ चुकते आहे. चालताना पायांच्या स्नायूंना जास्त रक्त लागतं, हृदय ते जोराने ढकलतं, त्यामुळे वरचा आकडा चढणारच. थांबल्यावर तो उतरतो आणि पुढचे काही तास नेहमीपेक्षा थोडा खालीच राहतो. म्हणून चालून आल्यावर निदान अर्धा तास मशीनला हात लावू नका. त्यापेक्षा सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर, चहा आणि गोळीच्या आधी मोजलेलं उत्तम. पाठ खुर्चीला टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, हात टेबलावर असा की पट्टा छातीच्या उंचीला येईल. पाच मिनिटं गप्प बसायचं. मोजताना स्वयंपाकघरातल्या सुनेला हाक मारली तरी आकडा वर जातो. ब्लाऊजची घट्ट बाही वर सरकवून दंड आवळू नका. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, लहान पट्टा आकडा फुगवून दाखवतो. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. असं सात दिवस सकाळ-संध्याकाळ वहीत लिहा आणि पहिला दिवस सोडून सरासरी काढा. घरच्या मोजणीत ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

खालचा आकडा चांगला आहे म्हणून वरच्याकडे काणाडोळा करू नका. वय वाढलं की मोठ्या रक्तवाहिन्या ताठर होतात. पाळी गेल्यावर बायकांमध्ये हे जास्त जाणवतं, आणि मग वरचा चढतो, खालचा तिथेच राहतो किंवा उतरतो.

आता अपेक्षेबद्दल. नेमाने चालणाऱ्यांचा वरचा आकडा सरासरी चार-पाच अंकांनी उतरतो. ही कमाई लहान नाही, पण १५८ चे १२० चालून होत नाहीत. गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने सोडायची नाही.

वेग कसा ओळखायचा? सोबतिणीशी बोलता येतं, पण अभंग म्हणायला गेलं तर दम लागतो, हा बरोबर वेग. अभंग आरामात होत असेल तर पाय उचला. अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल या बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी नाडीच्या ठोक्यांवरून वेग ठरवू नये, कारण ही औषधं ठोके फारसे वाढू देत नाहीत. आठवड्याला एकूण १५० मिनिटं झाली की पुरे. पहिली आणि शेवटची पाच मिनिटं सावकाश चाला. भरभर चालता चालता एकदम थांबलं की रक्त पायांत साठून डोळ्यांपुढे अंधारी येते.

प्रश्न : आमच्याकडे जूनपासून पाऊस उघडीप देत नाही. चार महिने चालणं बंदच. घरातल्या घरात चाललं तर उपयोग होतो का? (खानापूर तालुका)

उत्तर : होतो. बंद ठेवलं तर मात्र आधीची कमाई काही आठवड्यांत जाते. दहा-दहा मिनिटं तीन वेळा चाललं तरी चालतं, सलग अर्धा तासच हवा असं नाही. सोप्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जा. वळताना गरकन फिरू नका, एकदा डावीकडून तर एकदा उजवीकडून वळा. जागा नसेल तर खुर्चीच्या पाठीला हात धरून जागच्या जागी पावलं टाका, गुडघे जमेल तेवढे वर. उघडीप मिळाली म्हणून शेवाळलेल्या अंगणात जाऊ नका. या वयात खुबा मोडला तर बीपीपेक्षा मोठं दुखणं मागे लागतं.

पावसाळ्यात ताटात पापड, सांडगे, लोणचं, सुकट वाढते. दिवसभराचं सगळं मीठ मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. ते वाढलं तर चालण्याचा फायदा तिथेच संपतो.

प्रश्न : गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून गोळी आणते, ती खाऊनच चालायला जाते. बीपीची गोळी चुकत नाही, तरी वरचा आकडा १६० च्या खाली येत नाही. (निपाणी)

उत्तर : पहिला संशय त्या दुखण्याच्या गोळीवर. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि बीपीच्या बऱ्याच औषधांचा जोर कमी करतात. टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी, दोन्ही चालू असतील तर मूत्रपिंडावरही ताण येतो. दुखण्याच्या गोळीचं रिकामं पाकीट डॉक्टरांना दाखवा. वरून चोळायच्या मलमातलं औषध रक्तात फार थोडं जातं, तो पर्याय विचारून घ्या. चालणं सोडू नका, पण चढ-उतार टाळा, सपाट मातीची वाट धरा आणि टाचेला मऊ तळ असलेले बूट घाला. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघ्याला आधार मिळतो. त्यासाठी खुर्चीवर बसून एक पाय सरळ करा, पाच आकडे मोजा, खाली ठेवा. प्रत्येक पायाने दहा वेळा.

आणि तुमच्या भागात हे विचारावंच लागतं : मिश्री लावता का? तिच्यातली तंबाखू काही वेळ बीपी चढवते. मोजायच्या आधी अर्धा तास नको, आणि खरं तर कधीच नको.

प्रश्न : वय ७१. सकाळी गोळी घेऊन लगेच चालायला निघते. आठवडाभर उठताना घेरी येते. (चिकोडी)

उत्तर : उभं राहिल्यावर बीपी पडतं का ते आधी बघा. पाच मिनिटं बसून किंवा आडवं होऊन मोजा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. जवळ कुणीतरी असू द्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर गोळीचं प्रमाण किंवा वेळ बदलावी लागेल. ते डॉक्टर ठरवतील. तोवर बाहेर चालणं थांबवा. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळा, काठावर मिनिटभर बसा, पायाचे पंजे वर-खाली हलवा, मगच उभ्या राहा. एप्रिल-मेमध्ये तुमच्याकडे ऊन लवकर तापतं आणि लघवीच्या गोळीवर असलेल्यांच्या अंगातलं पाणी पटकन कमी होतं. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं नसेल, तर निघण्याआधी पेलाभर पाणी प्या.