पोहता येत नाही, गणित नको. समुद्री जीवशास्त्र जमेल का?

प्रश्न : मी विज्ञान शाखेत शिकते. पुढच्या वर्षी पदवीसाठी विषय निवडायचा आहे. किनाऱ्यावरच्या जीवसृष्टीचं मला वेड आहे, शंख-शिंपले आणि खेकड्यांची बरीच नावंही येतात. पण पोहता येत नाही आणि गणित नकोसं वाटतं. या विषयात माझा निभाव लागेल का?

उत्तर : पोहण्याची चिंता सोड, गणिताची कर. या क्षेत्रात डायव्हिंग काही जणच करतात, आकडेवारी सगळ्यांच्याच वाट्याला येते. पोहायला तरीही शीक, कारण कधी ना कधी बोटीवर जावं लागेलच.

नावं येतात हे उत्तमच. पण पुढे तुला विचारलं जाईल ते असं : हा प्राणी इथे आहे, मग दहा पावलं खाली का नाही? उत्तराची सुरुवात बहुतेकदा जागेपासून होते. खडकाला घट्ट चिकटून राहता येतं, फटींत आणि डबक्यांत ओल टिकते. वाळू लाटेसरशी सरकते, म्हणून तिथे चिकटणारे कमी आणि पुरून घेणारे जास्त. चिखलात प्राणवायू अनेकदा वरच्या काही मिलिमीटरांतच असतो. खालचा गाळ काळा असतो आणि सडक्या अंड्यांचा वास मारतो. तिथले कृमी बिळातून पाणी खेळवत जगतात. त्याच चिखलात खारफुटीची मुळं रुजली की कालवं आणि बार्नॅकल (एका जागी कायमचे चिकटून राहणारे छोटे कवचधारी प्राणी) यांना टणक आधार मिळतो, माशांच्या पिल्लांना आडोसा मिळतो, आणि एरवी खडकावर दिसणारे जीव चिखलातही दिसू लागतात.

अर्थात जागेबरोबर शेजारीही पाहावे लागतात. जोसेफ कॉनेल या परिसंस्थाशास्त्रज्ञाने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर बार्नॅकलच्या दोन जातींवर केलेला प्रयोग १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. वरच्या पट्ट्यातली जात खालीही जगू शकत होती, पण तिथे दुसरी जात तिला वाढू देत नव्हती. रॉबर्ट पेन या दुसऱ्या परिसंस्थाशास्त्रज्ञाने अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या किनाऱ्यावर खडकाच्या एका पट्ट्यातून तारामासे काढून टाकले. ते खात असलेले मसल जातीचे शिंपले मोकाट वाढले आणि १५ जातींच्या जागी ८ उरल्या. हे १९६६ मध्ये छापून आलं. खडक तोच, वैविध्य निम्म्यावर.

आता तुझा कल तपासायचा असेल तर हे करून बघ. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत, उधाणाच्या वेळी, ओहोटी सर्वांत खाली जाते. वेळापत्रक पाहून पाणी तळाला जाण्याच्या दोन तास आधी खडकाळ किनाऱ्यावर पोहोच, उतरत्या पाण्यामागे खाली सरक आणि पाणी वळलं की वर ये. एकटी जाऊ नकोस. ५० सेंटिमीटर बाजूची चौकट घे, आत दोरे ताणून २५ चौकोन कर. वरच्या, मधल्या आणि खालच्या पट्ट्यात प्रत्येकी निदान पाच ठिकाणी ती ठेव. शेवाळ किती चौकोनांत पसरलंय ते लिही, एक चौकोन म्हणजे ४ टक्के. बार्नॅकल दाट असतील तर तीनच चौकोन चिठ्ठ्या टाकून निवड आणि तेवढ्यांतले मोज. उलटलेला दगड पुन्हा होता तसा ठेव, नाहीतर त्याच्या खालचे जीव वाळून मरतात.

नवशिका हमखास चुकतो तो चौकट ठेवताना : जिथे खूप काही दिसतं तिथेच ती जाते आणि वैविध्य फुगतं. म्हणून जागा यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारख्या आपोआप निघालेल्या आकड्यांनी ठरवायच्या. एकाच खडकावर पाच चौकटी ठेवल्या तर कळतं ते त्या एका खडकाबद्दल, किनाऱ्याबद्दल नाही. शिवाय चौकटी वाढल्या की जातीही वाढतात; एका जागी पाच आणि दुसरीकडे दहा ठेवून तुलना केली तर ती फसवी. ही फसगत ओळखायला संभाव्यता आणि विचरण (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत ते) समजावं लागतं. तुला नकोसं वाटणारं गणित ते हेच. ‘आर’ ही मोफत संगणकभाषा आतापासून शिकायला घे; स्वतः मोजलेल्या आकड्यांवर ती पुस्तकी उदाहरणांपेक्षा लवकर येते.

पदवीच्या नावात ‘समुद्री’ असण्याचा आग्रह नको. प्राणिशास्त्र किंवा परिसंस्थाशास्त्रही चालेल. पर्यावरणीय सर्वेक्षणं, मत्स्यव्यवसाय, संरक्षित क्षेत्रं, संग्रहालयं, उपग्रह चित्रांवरून खारफुटीचे नकाशे, अशी कामं पुढे असतात. देवमासे आणि प्रवाळ यांच्यामागे सगळेच धावतात. माझं मत विचारशील तर चिखलातले कृमी ओळखायला शीक. अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास निवडणं कंटाळवाणं आहे, म्हणूनच ते नीट करणारी माणसं कमी मिळतात.

प्रवेशाआधी विभागाला तीन गोष्टी विचार : प्रत्यक्ष किनाऱ्यावर किती दिवस नेतात, संख्याशास्त्र कोणत्या वर्षी येतं, आणि नमुने विद्यार्थी स्वतः ओळखतात की तयार यादी उतरवून घेतात.