कॅमेरा किती थंड करावा? खगोल छायाचित्रणाविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : मी प्रत्येक रात्री डार्क फ्रेम (झाकण लावून घेतलेली काळी चित्रे) घेऊन त्या मूळ चित्रातून वजा करतो. मग सेन्सर थंड करणाऱ्या महागड्या कॅमेऱ्याची गरज काय? (पुणे)

उत्तर : प्रकाश नसतानाही सिलिकॉनमधील काही इलेक्ट्रॉन निव्वळ उष्णतेमुळे सुटे होतात आणि ताऱ्याच्या प्रकाशाने सुटलेल्या इलेक्ट्रॉनांच्याच पंगतीत जाऊन बसतात, मोजणीच्या वेळी कॅमेऱ्याला हे पाहुणे आणि ते यजमान ओळखता येत नाहीत. हाच डार्क करंट. समजा, सेन्सर ३० अंश सेल्सिअसवर असताना एका पिक्सेलमध्ये दर सेकंदाला असा १ इलेक्ट्रॉन जमतो. पाच मिनिटांच्या एक्सपोजरमध्ये ३०० जमतील. डार्क फ्रेम ही ३०० ची सरासरी वजा करते, परंतु प्रत्येक फ्रेममध्ये ती संख्या वरखाली होते आणि हा चढउतार संख्येच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे १७ इलेक्ट्रॉन असतो. तो वजाबाकीने जात नाही. तापमान साधारण ६ अंशांनी उतरले की डार्क करंट निम्मा होतो, असा ढोबळ हिशेब धरला तर उणे ६ अंशांवर तो ६४ पटींनी घटतो; ३०० च्या जागी ५ पेक्षाही कमी इलेक्ट्रॉन जमतात आणि चढउतार २ च्या आसपास येतो.

मात्र माझ्या मते त्याहून मोठा लाभ स्थिर तापमानाचा आहे. डार्क फ्रेम उपयोगी पडायची तर तिचे एक्सपोजर, गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) आणि तापमान मूळ चित्राशी जुळले पाहिजे. साध्या डीएसएलआरचा सेन्सर काम करता करता तापतो आणि पहाटे हवेबरोबर निवतो, त्यामुळे रात्री दहाला घेतलेली डार्क पहाटे चारच्या चित्राला लागू पडत नाही. तापमान नियंत्रित असेल तर पावसाळ्यात, आकाश बंद असताना, घरी बसून डार्कचा संग्रह तयार करता येतो.

प्रश्न : मे महिन्यात उणे २० अंश ठरवले, तर कॅमेरा उणे ७ वरच अडकतो आणि कूलरची शक्ती १०० टक्के दिसते. कॅमेरा बिघडला आहे का? (नागपूर)

उत्तर : नाही. १८३४ साली फ्रेंच शास्त्रज्ञ पेल्टिए यांनी वर्णिलेल्या परिणामावर (वीज वाहिली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते) चालणारा हा कूलर ठरावीक तापमान देत नसून तापमानातील फरक देतो. नेहमीच्या दोन टप्प्यांच्या कूलरमध्ये तो हवेपेक्षा ३५ ते ४० अंशांचा असतो. तुमच्याकडे रात्रीही ३० अंश असतील, तर उणे ७ हे त्याच्या परीने चोखच काम आहे. पण कूलर १०० टक्क्यांवर गेला की तापमान सावरायला त्याच्या हाती काही उरत नाही. शक्ती ८० टक्क्यांच्या आत राहील असे तापमान निवडा : उन्हाळ्यात ०, हिवाळ्यात उणे १०, आणि डार्कचे दोन वेगळे संच. १२ व्होल्टची वायर लांब आणि बारीक असल्यास व्होल्टेज पडते, तेही तपासा. मागच्या पंख्यावर कापड गुंडाळू नका. सेन्सरमधून काढलेली उष्णता तिथूनच बाहेर पडते.

प्रश्न : चित्राच्या मधोमध धूसर डाग येतो. काच पुसूनही जात नाही. (रत्नागिरी)

उत्तर : एकदा अशाच डागासाठी मी तासभर फिल्टर पुसत बसलो होतो. मग फ्रेम ओळीने पाहिल्या, तेव्हा डाग प्रत्येक फ्रेममध्ये थोडा पसरत गेलेला दिसला. धूळ वाढत नाही; वाढते ते हिम. सेन्सरच्या कप्प्यातील दमट हवा गारठलेल्या पृष्ठभागावर गोठते. कप्प्यातील सिलिका जेल काढून उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे वाळवा किंवा बदला, आणि हे काम वातानुकूलित, कोरड्या खोलीत करा. डाग काचेच्या बाहेरच्या बाजूस असेल तर ते दव आहे. त्याला काचेभोवतीचा हीटर पुरतो.

प्रश्न : मुंबईतील गच्चीवरून छायाचित्रे घेतो. असा कॅमेरा घ्यावा का? (ठाणे)

उत्तर : पहिल्या उत्तरातील उदाहरणात शहरी आकाशाच्या उजेडाचे ९०० इलेक्ट्रॉन मिळवा. त्यांचा चढउतार ३०, डार्कचे ३०० धरून एकूण १२०० चा सुमारे ३५. थंड केल्यावर ३५ चे ३० होतील, त्याखाली काही नाही. हायड्रोजन-अल्फासारखा (हायड्रोजनचा ठरावीक लाल प्रकाशच आत सोडणारा) अरुंद पट्ट्याचा फिल्टर लावून लांब एक्सपोजर घेणार असाल तर जरूर घ्या, कारण तिथे आकाशाचा उजेड बराचसा अडतो आणि डार्क करंट उघडा पडतो. केवळ गुरू, शनी टिपायचे असतील तर एक्सपोजर सेकंदाच्या लहानशा अंशाचे असते; ते पैसे दुर्बिणीवर घाला.