स्वतःची मराठी गाणी ऑनलाइन टाकून घर चालेल का?

तुम्ही विचारलंय की नोकरी सोडून फक्त स्वतःची गाणी यूट्यूब आणि स्पॉटिफायवर टाकली तर भागेल का. त्यावर भागणार नाही, हे आधीच सांगतो. पण मी पुण्यात पेटी वाजवतो, चाली लावतो आणि माझं घर गेली अकरा वर्षं संगीतावरच चाललंय, म्हणून लिहावंसं वाटलं.

स्पॉटिफायवर 2024 पासून एखादं गाणं वर्षभरात 1000 वेळा तरी ऐकलं गेलं नाही, तर त्याचे पैसेच मिळत नाहीत. यूट्यूबवर जाहिरातींतला वाटा सुरू व्हायला नेहमीच्या वाटेने 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तास पाहिलं जाणं लागतं. माझ्या सगळ्या गाण्यांचं मिळून जे येतं त्यात लाइटबिल आणि नेटचं बिल निघतं. तरी गाणी टाकणं मी थांबवणार नाही, कारण बाकीची कामं त्यांच्यामुळेच येतात.

खरा आधार आहे शिकवणीचा. इथे सकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात आदल्या दिवशीची संध्याकाळ असते. शाळेतून आलेली मराठी घरातली पोरं पेटी घेऊन बसलेली असतात. झूमवर शिकवताना सुरुवातीला माझी एक मोठी चूक झाली. एका मुलीचा षड्ज, म्हणजे सा, मध्येच गायब व्हायचा. मला वाटलं, दम कमी पडतोय. दोन महिने मी तिच्याकडून दमसासाची मेहनत करून घेत होतो. एक दिवस तिच्या आईने सेटिंगमध्ये जाऊन ‘ओरिजिनल साउंड’ सुरू केलं आणि तोच सा एका श्वासात, सरळ, तानपुऱ्यासकट ऐकू आला. झूम लांबलेला सूर आणि तानपुरा दोन्ही पंख्याची घरघर समजून कापत होतं. त्या पोरीची मी माफी मागितली. हे सेटिंग पहिल्याच दिवशी तपासा. आणि दोन्हीकडून एकदम वाजवायला जाऊ नका, आवाज पोचायला उशीर होतो. तानपुरा आणि ठेका विद्यार्थ्याच्या बाजूला लावायचा, आपण ऐकायचं, मग गाऊन दाखवायचं.

आता हक्कांचं. मी एका निर्मात्याला मालिकेचं शीर्षकगीत करून दिलं होतं. ‘सर्व हक्क कायमचे’ असं लिहिलेल्या कागदावर सही केली, एकरकमी पैसे घेतले आणि विषय सोडून दिला. चार वर्षांनी एका ज्येष्ठ गीतकार ताईंनी डोळे उघडले. कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली आहे. तिच्यामुळे गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा निर्मात्याला किंवा कंपनीला सोडून देता येत नाही, कागदावर काहीही लिहिलेलं असो. पण तो वाटा आपोआप घरी चालत येत नाही. त्यासाठी आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हावं लागतं, एकेक गाणं तिथे नोंदवावं लागतं. ती चार वर्षं माझी हातची गेली, तुमची जाऊ नयेत. गीतकार, गायिका, साथीदार यांचे वाटेही गाणं टाकायच्या आधी कागदावर लिहून सह्या करून घ्या.

अभंग करत असाल तर तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण गाजलेली चाल कुणाची तरी असते. चाल स्वतःची लावा. मी तशी लावूनही यूट्यूबवर एका कंपनीचा हक्काचा दावा आला होता. घाबरून व्हिडिओ काढला नाही, आक्षेप नोंदवला. समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस असतात. त्या मुदतीत दावा सुटला.

आणखी एक काम आहे, ज्याला आपल्यातले बरेच जण कमी लेखतात: मंगलाष्टकं. तुळशीचं लग्न झालं की मला फोन सुरू होतात. वधू-वरांची, आजी-आजोबांची नावं गुंफलेली, नव्या चालीतली मंगलाष्टकं लोकांना ध्वनिमुद्रित करून हवी असतात. मंगलाष्टकांचं शार्दूलविक्रीडित वृत्त अंगात मुरलेलं असेल तर एका बैठकीत चाल होते. निम्मे पैसे आधी घ्यायचे. गेल्या वर्षी एका आजोबांनी कार्यालयात ती ऐकली आणि आपल्या पंचाहत्तरीला माझ्या स्वतःच्या गाण्यांचा पूर्ण कार्यक्रम ठेवला. दीडशे माणसं शेवटपर्यंत बसून होती.

नोकरी आज सोडू नका. सकाळचे दोन तास मोकळे करा आणि चार विद्यार्थी धरा.