लिहिलेली व्हॅल्यू आणि चालू व्हॅल्यू : वाचकांचे प्रश्न

या वेळी निवडलेली बहुतेक पत्रे जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या प्रोग्रॅमिंग भाषेतील अ‍ॅट्रिब्यूट आणि व्हॅल्यू यांच्या गोंधळाविषयी आहेत. एका ब्राउझरमध्ये चालणारा कोड दुसऱ्यात का चालत नाही, असे बहुतेकांनी विचारले आहे. उत्तरांमध्ये कोडमधील शब्द आणि अंक देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये ते रोमन लिपीतच लिहावेत.

प्रश्न : माझ्या फॉर्ममध्ये नगसंख्येची चौकट आहे आणि तिच्यात सुरुवातीला १ हा आकडा दिलेला आहे. वापरकर्त्याने तो बदलून ५ केला, तरी गेटअ‍ॅट्रिब्यूटने वाचल्यावर मला १ हीच व्हॅल्यू मिळते. उलट सेटअ‍ॅट्रिब्यूटने नवी व्हॅल्यू दिली, तर ती चौकटीत कधी दिसते आणि कधी दिसत नाही. हा ब्राउझरचा दोष समजावा का?

उत्तर : हा दोष नाही. सगळे आधुनिक ब्राउझर येथे एकसारखेच वागतात. आपण एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाची रचना सांगणाऱ्या भाषेत, टॅग लिहितो तेव्हा ब्राउझर तो वाचून त्याचे एक ऑब्जेक्ट तयार करतो. टॅगमध्ये लिहिलेली असते ती अ‍ॅट्रिब्यूट, आणि त्या ऑब्जेक्टवर असते ती प्रॉपर्टी. आयडीसारख्या काही बाबतींत या दोन्ही परस्परांशी घट्ट जोडलेल्या असतात आणि एक बदलली की दुसरीही बदलते. त्यामुळे दोन्ही एकच आहेत असा समज होतो, आणि व्हॅल्यूपाशी आल्यावर तो समज आपल्याला फसवतो.

व्हॅल्यू ही अ‍ॅट्रिब्यूट म्हणजे चौकटीची आरंभीची व्हॅल्यू होय. तिच्याशी जोडलेल्या प्रॉपर्टीचे नाव डीफॉल्टव्हॅल्यू असे आहे, व्हॅल्यू असे नाही. व्हॅल्यू या प्रॉपर्टीत त्या क्षणी चौकटीत जे आहे ते असते. तुमच्या उदाहरणात वापरकर्त्याने ५ टाइप केल्यानंतर ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे कोड चालवून पाहण्याच्या खिडकीत, तिन्ही वाचून पाहा : गेटअ‍ॅट्रिब्यूटला व्हॅल्यू विचारल्यास १ मिळेल, डीफॉल्टव्हॅल्यूही १ दाखवेल, आणि केवळ व्हॅल्यू ही प्रॉपर्टी ५ देईल. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्स या तपासणीच्या साधनांतील एलिमेंट्सच्या पटलावरही १ च दिसत राहील, कारण तेथे अ‍ॅट्रिब्यूट दाखवल्या जातात. या पटलावर विसंबून तासन्‌तास चूक शोधत बसलेले अनेक जण मी पाहिले आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आता ‘कधी दिसते, कधी दिसत नाही’ याविषयी. प्रत्येक चौकटीसाठी ब्राउझर एक खूण ठेवतो. वापरकर्त्याने काही टाइप करेपर्यंत, किंवा स्क्रिप्टने व्हॅल्यू प्रॉपर्टी बदलेपर्यंत, चौकट अ‍ॅट्रिब्यूटमधील मजकूरच दाखवते. म्हणून त्या अवधीत सेटअ‍ॅट्रिब्यूटचा परिणाम डोळ्यांना दिसतो. एकदा का चौकटीला हात लागला, की ती खूण पडते आणि अ‍ॅट्रिब्यूट आणि व्हॅल्यू प्रॉपर्टी यांचा संबंध तुटतो. त्यानंतर अ‍ॅट्रिब्यूट कितीही वेळा बदलली तरी चौकटीत फरक पडत नाही. फॉर्म रीसेट केला की ती खूण पुसली जाते आणि आरंभीची व्हॅल्यू परत येते. चाचणी घेताना आपण बहुधा कोऱ्या पानावर थेट बटण दाबतो, तर खरा वापरकर्ता आधी टाइप करतो. त्यामुळे ही चूक चाचणीत निसटते. चेकबॉक्सच्या चेक्ड या अ‍ॅट्रिब्यूटचेही असेच आहे, आणि तेथे आरंभीच्या स्थितीची प्रॉपर्टी डीफॉल्टचेक्ड ही आहे.

म्हणून सध्याची स्थिती हवी असेल तर प्रॉपर्टी वाचावी आणि प्रॉपर्टीच बदलावी. टॅगमध्ये जसे लिहिले आहे तसेच हवे असेल, तर गेटअ‍ॅट्रिब्यूट वापरावे. दुव्याचा एचरेफ, म्हणजे तो जिकडे नेतो तो पत्ता, हे याचे चांगले उदाहरण आहे. टॅगमध्ये केवळ फाइलचे नाव लिहिलेले असले, तरी एचरेफ ही प्रॉपर्टी प्रोटोकॉल आणि डोमेनसह पूर्ण पत्ता देते, आणि गेटअ‍ॅट्रिब्यूट मात्र लिहिलेले तेवढेच नाव देते. दोन पत्त्यांची तुलना करताना एकीकडे प्रॉपर्टी आणि दुसरीकडे अ‍ॅट्रिब्यूट घेतली, तर ती अशा वेळी जुळणार नाही.

हा गोंधळ मुरण्यामागे थोडा इतिहासही आहे. इंटरनेट एक्सप्लोररच्या सातव्या आवृत्तीपर्यंत अ‍ॅट्रिब्यूट आणि प्रॉपर्टी यांत नीट भेद केलेलाच नव्हता. तेथे सेटअ‍ॅट्रिब्यूटला क्लास हे नाव चालत नसे आणि क्लासनेम लिहावे लागे. जेक्वेरी या जावास्क्रिप्टच्या लायब्ररीनेही २०११ मध्ये आलेल्या १.६ या आवृत्तीत प्रॉप ही स्वतंत्र पद्धत दिली; तोपर्यंत दोन्ही कामे अ‍ॅटर हीच पद्धत करत असे. त्या काळातील कोडचे तुकडे अजूनही जसेच्या तसे उतरवून घेतले जातात, आणि आजच्या ब्राउझरमध्ये ते चुकीचे ठरतात.

प्रश्न : बटण पुन्हा चालू करण्यासाठी मी डिसेबल्ड या अ‍ॅट्रिब्यूटला फॉल्स ही व्हॅल्यू दिली, तरी बटण बंदच राहते. एरर मात्र एकही येत नाही.

उत्तर : डिसेबल्ड, चेक्ड, रिक्वायर्ड, रीडओन्ली या अ‍ॅट्रिब्यूटच्या बाबतीत तिच्यात काय लिहिले आहे याला किंमत नसते, ती टॅगवर आहे की नाही एवढेच ब्राउझर पाहतो. फॉल्स असे लिहिले तरी अ‍ॅट्रिब्यूट तेथे आहेच, म्हणून बटण बंद राहते. ती काढून टाकण्यासाठी रिमूव्हअ‍ॅट्रिब्यूट वापरावे, किंवा डिसेबल्ड या प्रॉपर्टीला फॉल्स द्यावे. माझा कल नेहमी दुसऱ्या मार्गाकडे असतो. मात्र तेथेही फॉल्स अवतरणचिन्हांत घालू नये. अवतरणचिन्हांतील फॉल्स ही पाच अक्षरांची स्ट्रिंग होते, आणि जावास्क्रिप्टमध्ये रिकामी नसलेली कोणतीही स्ट्रिंग खरी मानली जाते. सर्व्हरकडून आलेली किंवा डेटासेटमधून (टॅगवरील ‘डेटा-’ने सुरू होणाऱ्या अ‍ॅट्रिब्यूटमधून) वाचलेली व्हॅल्यू थेट प्रॉपर्टीला दिली, की ही चूक हमखास होते.

याउलट एरिया-एक्सपांडेड, ड्रॅगेबल यांसारख्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ट्रू किंवा फॉल्स हे शब्द खरोखर लिहावे लागतात. एरिया-एक्सपांडेड फॉल्स आहे म्हणजे ‘हा भाग उघडता येतो, पण सध्या बंद आहे’ असा अर्थ होतो; ती अ‍ॅट्रिब्यूटच नसेल तर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे साधन) वापरणाऱ्या व्यक्तीला तो भाग उघडता येतो हेच कळत नाही. म्हणून सगळ्यांना एकच नियम लावू नये.

एरर न येण्याचे आणखी एक कारण येथेच सांगतो, कारण तीन पत्रांत ते दिसले. टॅगमध्ये रीडओन्ली, मॅक्सलेंग्थ, टॅबइंडेक्स ही नावे सगळी लहान अक्षरांत चालतात. प्रॉपर्टीच्या नावात मात्र दुसऱ्या शब्दाचे पहिले अक्षर मोठे असते. ते लहान लिहिले, तर जावास्क्रिप्ट तक्रार न करता त्या ऑब्जेक्टवर त्या नावाची नवी, निरुपयोगी प्रॉपर्टी तयार करते. कोड पुढे चालत राहतो आणि मर्यादा लागू होत नाही.

प्रश्न : एकाच पानावर क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी मला तीन वेगवेगळे एरर दाखवतात. या तीन चुका आहेत की एकच? शिवाय ही एरर रोज येत नाही. पाने कधी नीट उघडतात, कधी नाही.

उत्तर : आपण पाठवलेले तिन्ही संदेश एकाच चुकीचे आहेत. क्रोम म्हणतो ‘कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल’, सफारी म्हणतो ‘नल इज नॉट अ‍ॅन ऑब्जेक्ट’, आणि फायरफॉक्स अमुक एक व्हेरिएबल नल आहे असे नाव घेऊन सांगतो. जावास्क्रिप्टचे मानक अशा ठिकाणी टाइपएरर या प्रकारची एरर यावी एवढेच ठरवते. संदेशाचे शब्द प्रत्येक ब्राउझरवर सोडलेले आहेत. म्हणून संदेशातील मजकूर तपासून निर्णय घेणारा कोड कधीही लिहू नये.

नल म्हणजे काहीच नाही. तिघांचे म्हणणे असे, की आपण ज्या एलिमेंटची, म्हणजे पानावरील घटकाची, व्हॅल्यू मागितली ते एलिमेंट सापडलेच नाही. आधी आयडीचे स्पेलिंग पाहावे, कारण तेथे लहान आणि मोठे अक्षर वेगळे मानले जाते. आयडीवरून एलिमेंट शोधणारे गेटएलिमेंटबायआयडी लिहिताना आयडीच्या आधी हॅशचे चिन्ह लावले असेल तर तेही काढावे. ते क्वेरीसिलेक्टरला लागते, याला नाही. मात्र आपली एरर अधूनमधून येते, आणि त्यावरून मला वेळेचा प्रश्न दिसतो. आपण पाठवलेल्या स्क्रिप्टच्या टॅगवर असिंक ही अ‍ॅट्रिब्यूट आहे. अशी स्क्रिप्ट उतरून झाली की तत्क्षणी चालते, पान तोवर किती वाचून झाले आहे याची ती वाट पाहत नाही. फाइल कॅशमध्ये (ब्राउझरने जपून ठेवलेल्या प्रतींत) असली की ती लवकर हाती येते आणि चौकट तयार होण्याआधीच चालून मोकळी होते. नेटवर्क संथ असले की तीच स्क्रिप्ट उशिरा येते आणि सगळे सुरळीत दिसते. असिंकच्या जागी डिफर लिहावे, म्हणजे पूर्ण पान वाचून झाल्यावरच स्क्रिप्ट चालेल.

एलिमेंट नसेल तर पुढचे वाचणेच टाळणारे प्रश्नचिन्ह आणि टिंब वापरून ही एरर दाबून टाकण्याचा सल्ला आपल्याला कोणी दिल्याचे आपण लिहिले आहे. जे एलिमेंट नसणे स्वाभाविक आहे तेथे तो जरूर वापरावा. येथे मात्र चौकट असायलाच हवी आहे. एरर दाबली तर फॉर्म निमूटपणे अपुरी माहिती पाठवेल, आणि ते एररपेक्षा कितीतरी वाईट आहे.

प्रश्न : फॉर्म स्क्रिप्टमधून पाठवताना ‘सबमिट इज नॉट अ फंक्शन’ असे येते. हाच कोड माझ्या दुसऱ्या पानावर व्यवस्थित चालतो.

उत्तर : या पानावरील बटणाचे नेम किंवा आयडी बहुधा सबमिट असेच ठेवलेले असेल. फॉर्मच्या आत असलेल्या चौकटी आणि बटणे त्यांच्या नावाने फॉर्मच्या प्रॉपर्टी म्हणून उपलब्ध होतात आणि मूळ प्रॉपर्टीला झाकून टाकतात. मग फॉर्मचे सबमिट म्हटल्यावर ती पद्धत मिळत नाही, ते बटण मिळते. अ‍ॅक्शन नावाची चौकट असेल तर फॉर्मची अ‍ॅक्शन वाचताना पत्त्याऐवजी चौकट हाती येते. तेथे गेटअ‍ॅट्रिब्यूट खात्रीने उपयोगी पडते. नाव बदलणे हाच उत्तम उपाय आहे. तसेच सबमिट ही पद्धत चौकटींची तपासणी न करता फॉर्म पाठवते, म्हणून शक्य तेथे रिक्वेस्टसबमिट वापरावे. सफारीत ती १६ व्या आवृत्तीपासून आहे.

प्रश्न : संख्येच्या आणि तारखेच्या चौकटींतून येणाऱ्या व्हॅल्यूंवर कितपत विश्वास ठेवावा?

उत्तर : चौकट संख्येची असली तरी व्हॅल्यू ही प्रॉपर्टी स्ट्रिंगच देते, म्हणून ५ आणि ३ यांची बेरीज ५३ होते. व्हॅल्यूअ‍ॅजनंबर ही प्रॉपर्टी थेट संख्या देते. फायरफॉक्स अशा चौकटीत अक्षरेही टाइप करू देतो, तर क्रोम बहुतेक अक्षरे अडवतो. मात्र मजकूर संख्या म्हणून वैध नसेल तर दोन्हीकडे व्हॅल्यू रिकामी स्ट्रिंग मिळते. म्हणजे डोळ्यांना चौकट भरलेली दिसते आणि कोडला ती रिकामी वाटते. हा फरक ओळखण्यासाठी चौकटीच्या व्हॅलिडिटी या प्रॉपर्टीतील बॅडइनपुट तपासावे. साध्या मजकुराच्या चौकटीत कोणी देवनागरी अंक लिहिले, तर नंबर हे फंक्शन त्यांची संख्या करत नाही, ‘संख्या नाही’ या अर्थाचे नॅन देते; ते अंक आधी बदलून घ्यावे लागतात.

तारखेची चौकट वापरकर्त्याला त्याच्या पद्धतीने तारीख दाखवते, परंतु तिची व्हॅल्यू नेहमी वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने आणि मध्ये आडव्या रेघा देऊनच असते. तिरप्या रेघांची तारीख दिली तर चौकट रिकामी होते. मॅकवरील सफारीत ही चौकट २०२१ मध्ये, १४.१ या आवृत्तीत आली; त्याआधी ती साधी मजकुराची चौकट म्हणून दिसे. अशा जुन्या ब्राउझरमध्ये टाइपसाठी गेटअ‍ॅट्रिब्यूट डेट असे सांगते, पण टाइप ही प्रॉपर्टी टेक्स्ट असे सांगते. पहिल्या उत्तरातील भेद येथे आपल्या कामी येतो : ब्राउझरला एखादा प्रकार खरोखर कळतो का, हे प्रॉपर्टीलाच विचारावे.

नुसती तारीख डेट या, तारखेचे ऑब्जेक्ट बनवणाऱ्या, कन्स्ट्रक्टरला दिली, तर ती यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेतील मध्यरात्र धरली जाते. सोबत वेळ लिहिली, तर ती स्थानिक वेळ धरली जाते. त्यामुळे ग्रीनिचच्या पश्चिमेकडील वापरकर्त्याला आदला दिवस दिसू शकतो. वर्ष, महिना आणि दिवस वेगळे करून कन्स्ट्रक्टरला द्यावेत आणि महिना शून्यापासून मोजला जातो हे ध्यानात ठेवावे.

प्रश्न : फायरफॉक्समध्ये पान रीलोड केल्यावर आधी खूण केलेला चेकबॉक्स तसाच राहतो, पण त्याच्याशी जोडलेला तपशिलाचा भाग मात्र बंद असतो. क्रोममध्ये रीलोड केल्यावर असे होत नाही.

उत्तर : हा मात्र ब्राउझरांमधील खरा फरक आहे. साधे रीलोड केल्यावर फायरफॉक्स चौकटींतील मजकूर, चेकबॉक्सच्या खुणा आणि स्क्रिप्टने बदललेली डिसेबल्ड स्थितीदेखील जपून ठेवतो. अ‍ॅट्रिब्यूटवर चेक्ड नसते, तरी प्रॉपर्टी ट्रू असते. आपला कोड केवळ चेंज हा इव्हेंट, म्हणजे बदल झाल्याची ब्राउझरची सूचना, ऐकतो, आणि वापरकर्त्याने काही बदललेले नसल्यामुळे तो इव्हेंट येत नाही. त्या फॉर्मवर ऑटोकंप्लीट ऑफ केल्यास ही स्थिती जपली जात नाही. परंतु वापरकर्त्याचे भरलेले काम पुसण्यापेक्षा मी दुसरा उपाय सुचवेन. तपशिलाचा भाग उघडण्या-मिटण्याचे काम एका वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवावे, ते चेक्ड ही प्रॉपर्टी वाचून ठरवावे, आणि ते फंक्शन चेंजबरोबरच पेजशो या इव्हेंटवरही चालवावे. पेजशो पान प्रथम उघडताना येतो आणि मागे जाण्याचे बटण दाबून परत आल्यावरही येतो, त्यामुळे इतर ब्राउझरमध्ये तेथे होणारी विसंगतीही याच एका ओळीने दूर होईल.