चौदा जणींचं ‘काही नाही’

‘मॅडम, वर्षं वाया चाललीत. माझ्यामुळे कोण वाचलं, हे दाखवताच येत नाही.’ कॅन्सर प्रतिबंधाच्या संशोधनात नुकत्याच उतरलेल्या, माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या मुलामुलींकडून हे मी सतत ऐकते. म्हणून त्यांतल्या एकीबद्दल लिहिते आहे. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

वय एकोणतीस, तीन वर्षांची फेलोशिप. गावोगाव फिरून बायकांना गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी तयार करायचं, ही तिची जबाबदारी. बरोबरची मैत्रीण सर्जन झालेली. पेशंटनं दिलेल्या पेढ्यांचा फोटो तिच्या स्टेटसला. इकडे घरी आई विचारते, ‘तू नक्की डॉक्टरच आहेस ना गं?’ आणि संशोधनाच्या गाइडचं एकच पालुपद, रिसर्च पेपर कधी?

चौथ्या भेटीत मी तिला गेल्या महिन्याचा हिशेब विचारला.

‘चाळीस घरं. सव्वीस नकार. चौदा जणी आल्या.’

‘त्यांचं काय निघालं?’

‘काहीच नाही. चौदाही निगेटिव्ह.’ तिचे डोळे भरून आले.

मी जरा थांबले. मग म्हटलं, ‘चौदा बायका धडधाकट आहेत, हे तू मला रडत सांगते आहेस.’

बराच वेळ ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग अगदी हळू म्हणाली, ‘म्हणजे... कुणाचं तरी काहीतरी निघावं, याची मी वाट बघत होते?’

इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच आले आहेत. अशा वेळी धीर द्यायची घाई मी करत नाही. ती वाईट नव्हती. ‘माझं काम दिसलंच पाहिजे, आणि तेही फेलोशिप संपायच्या आत’ हा ‘च’ तिला छळत होता. काम दिसावं ही इच्छा रास्तच आहे. त्या इच्छेचा हट्ट झाला की चांगली बातमीसुद्धा अपयश वाटू लागते. मला स्वतःला हे इतकं स्वच्छ त्या दिवशीच दिसलं.

मग तिच्याच विषयातलं विचारलं. मुंबईच्या वस्त्यांमधला टाटा मेमोरियलचा अभ्यास ती ज्युनिअर्सना शिकवते. १९९८ मध्ये सुरू झाला. जेमतेम दहावी झालेल्या बायकांना प्रशिक्षण दिलं, त्यांनी ३५ ते ६४ वयाच्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत तपासणी केली. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उमटतो का पाहायचं. या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचं जगापुढे आलं २०१३ मध्ये. त्याच अभ्यासातल्या स्तनांच्या तपासणीचे निष्कर्ष तर २०२१ मध्ये छापून आले.

‘१९९८ मध्ये दार वाजवून संध्याकाळी घरी गेलेल्या बाईला त्या दिवशी काय कळलं असेल?’

‘काहीच नाही,’ ती म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली.

हा आजार पेशींतल्या बदलापासून कॅन्सरपर्यंत पोचायला बहुधा दहा ते वीस वर्षं घेतो. म्हणून तर तो आधी गाठता येतो, आणि म्हणूनच तीन वर्षांत त्याचं फळ हातात पडत नाही. ज्यांना ही रुखरुख आहे त्यांनी रोजच्या नोंदीत आपल्या हातातलं तेवढंच मोजावं: किती दारं, किती वेळ बसलो, कुणाला परत भेटलो. मनाची समजूत काढून सगळं सुटत नाही, हेही खरं. पगार रखडत असेल, पेपरवर नाव कुणाचं हे ठरलं नसेल, तर ते लेखी मागा. गाइडखेरीज आणखी एक ज्येष्ठ व्यक्ती विचारायला असू द्या. आणि झोप, भूक उडाली असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, अंगावर काढू नका.

तिला मी एवढंच सांगितलं होतं की ते सव्वीस नकार पुन्हा वाच, बाई जे बोलली तेच शब्द लिही.

पुढच्या भेटीला ती वही घेऊन आली. सव्वीसांपैकी नऊ जणी ‘नाही’ म्हणाल्याच नव्हत्या. ‘सोयाबीन काढायचं चाललंय, नंतर या,’ असं म्हणाल्या होत्या. तिनं घाईत ‘नकार’ लिहून टाकलं होतं.

‘दिवाळीनंतर जाते,’ ती म्हणाली, आणि नऊ नावांपुढे पेन्सिलीनं खुणा करू लागली.