इटलीत मारल्या गेलेल्या मराठा पलटणीतील नातेवाइकाचा शोध कसा घ्यावा?

पणजोबांचे धाकटे भाऊ १९४४ मध्ये इटलीत मारले गेले, नावाखेरीज काही ठाऊक नाही आणि ‘इंग्रजांसाठी मेला’ म्हणून घरात त्यांचा विषयही निघत नाही, असे आपण लिहिले आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधावे; जिल्हा नाशिक असेल तर तो मात्र ‘Nasik’ या जुन्या इंग्रजी स्पेलिंगने टाकावा. ज्यांचे थडगे नाही, अशांपैकी पुष्कळांची नावे इटलीतील कसिनो स्मारकावर आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरलाही पत्र लिहावे.

आमच्या आजोबांचे भाऊही त्याच लढाईत गेले. आजोबांच्या वर्षश्राद्धानंतर रामकुंडावर या भावाच्या नावाने पिंड ठेवण्याचे वडिलांनी सुचवले, तेव्हा काका सर्वांदेखत म्हणाले, “पगार घेऊन गोऱ्यांसाठी मेला, त्याचे कसले कौतुक?” वाद वाढू नये म्हणून क्षेत्रोपाध्यायांनी आमच्या गावातील घराण्यांच्या नोंदींची लांबट वही काढली. तीत पणजोबांच्या मुलांच्या नावांपैकी तिसऱ्यापुढे निराळ्या शाईत ‘लढाईत, इटली’ एवढेच लिहिलेले होते आणि खाली पणजोबांचा अंगठा होता. लिहिता न येणारा बाप मुलाची नोंद करायला गावाहून नाशिकला आला होता. पिंड ठेवला गेला. काका मात्र बधले नाहीत.

त्यांना मी माणगाव तालुक्यातील पळसगावच्या यशवंत घाडगे यांची हकिगत सांगितली. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधील हा नायक १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात होता. अगदी जवळून झालेल्या मशीनगनच्या माऱ्यात त्याच्या सेक्शनमधील बाकी सगळे ठार किंवा जखमी झाले, तेव्हा तो एकटाच मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेला. हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा उडवला, एकाला गोळी घातली, आणि मॅगझिन बदलायला वेळ नसल्याने बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना ठोकून मारले. तेवढ्यात दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत लागल्या. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. पुतळा माणगावात आहे. त्या क्षणी त्याने पगाराचा हिशेब केला असेल, असे सरकारी निवृत्तिवेतन घेणाऱ्या माणसाने तरी म्हणू नये.

त्या युद्धात सैन्यात गेलेले सुमारे २५ लाख हिंदी लोक सगळेच देशप्रेमाने किंवा साहसापोटी गेले, असे माझे म्हणणे नाही. पुष्कळांच्या घरी खायची भ्रांत होती, आणि इंग्रजांचे राज्य वाईटच होते. परंतु त्याचा जाब विशीतल्या पोराला विचारायचा नसतो.

तेव्हा आपण रामकुंडावर जा, किंवा त्र्यंबकेश्वरला. मूळ गाव आणि आडनाव सांगितले, की त्या गावाची वही कोणत्या उपाध्यायांकडे आहे ते तिथेच कळते. प्रत्येक घराची नोंद असतेच असे नाही, आणि दक्षिणा आधी ठरवून घ्यावी. नोंद सापडली तर खाली आपलीही करून घ्यावी, आणि घरात पगाराचा मुद्दा काढणारे जे कोणी असतील त्यांना सही करायला सोबत न्यावे.