प्रश्न तुमचे : एन्व्हलपला दोष देण्याआधी

प्रश्न : मॉड्युलर सिंथेसायझरमध्ये एन्व्हलपचा (आवाजाचा चढ-उतार घडवणाऱ्या मॉड्यूलचा) अटॅक, म्हणजे चढायला लागणारा वेळ, ४०० मिलिसेकंदांवर ठेवला की सीक्वेन्सरवर (स्वर आपोआप वाजवणाऱ्या मॉड्यूलवर) आवाज जेमतेम ऐकू येतो. तेच कीबोर्डवर छान फुलतो. मॉड्यूल खराब आहे का?

उत्तर : मॉड्यूल ठीक आहे, गेट (स्वर दाबलेला आहे हे सांगणारा सिग्नल) आखूड पडतोय. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) सीक्वेन्सरची सोळाव्या हिश्श्याची एक पायरी १२५ मिलिसेकंदांची. गेट पायरीच्या ५० टक्के असेल तर तो ६२ मिलिसेकंदांतच खाली येतो. एडीएसआर (अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज अशा चार नॉबांचा एन्व्हलप) तेव्हा जिथवर चढला असेल तिथूनच रिलीजला, म्हणजे उतरायला, लागतो; ४०० मिलिसेकंदांची चढण तो पुरी करूच शकत नाही. कीबोर्डवर तुम्ही बोट दाबून ठेवता, म्हणून तिथे अडचण दिसत नाही. गेटची लांबी वाढवा, किंवा अटॅक ३०-४० मिलिसेकंदांवर आणा. संथ चढणच हवी असेल तर ट्रिगरवर चालणारा एडी (फक्त अटॅक आणि डिके असलेला) एन्व्हलप घ्या. तो एकदा सुटला की गेटची वाट न पाहता शिखर गाठतो.

याची उलटी चूकही सर्रास होते. ट्रिगर म्हणजे काही मिलिसेकंदांचा ठोका. तो एडीएसआरला जोडून सस्टेन कितीही वर नेलात तरी स्वर टिकणार नाही. सस्टेन ही वेळ नाही, पातळी आहे, आणि गेट वर असेपर्यंतच ती धरली जाते. चारपैकी हा एकच नॉब वेळेचा नसल्याने घोळ होतो.

प्रश्न : प्रत्येक स्वराच्या सुरुवातीला ‘टक्’ असा आवाज येतो.

उत्तर : अटॅक शून्यावर असणार. लहर शून्यापासून दूर असताना व्हीसीए (व्होल्टेजने आवाज लहान-मोठा करणारं मॉड्यूल) एकदम उघडला की तिला उभी कड पडते, तोच टक्. अटॅक २ ते ५ मिलिसेकंद करा. शेवटीही येत असेल तर रिलीज १०-२० मिलिसेकंद. खर्जातल्या स्वरांना थोडा जास्त. एवढ्यानेही गेला नाही तर आधीच्या स्वराचा रिलीज चालू असताना नवा स्वर सुरू होतो का, ते पाहा. काही एन्व्हलप अशा वेळी शून्यावर उडी मारून नव्याने सुरू होतात. चालू पातळीवरून चढणारा मोड असेल तर तो निवडा. ड्रमच्या आवाजात मात्र हा टक् घालवू नका, ठोक्याची धार त्यातच असते.

प्रश्न : साइन लहरीतून किक बनवतोय, पण ‘प्यूं’ असा खेळण्यातल्या बंदुकीसारखा आवाज येतो.

उत्तर : स्वराची घसरण लांब, किंवा सरळ रेषेत होतेय. ऑसिलेटर (लहर तयार करणारं मॉड्यूल) ५० हर्ट्झवर लावा. एकच ट्रिगर मल्टमधून (एक सिग्नल अनेक ठिकाणी वाटणाऱ्या मॉड्यूलमधून) दोन एडी एन्व्हलपना द्या. पहिला व्हीसीएला : अटॅक शून्य, डिके ३०० मिलिसेकंद. दुसरा अटेन्युएटरमधून (सिग्नल कमी करणाऱ्या नॉबमधून) ऑसिलेटरच्या एक व्होल्ट प्रति सप्तक इनपुटला : डिके ४० मिलिसेकंद, वक्र एक्स्पोनेन्शियल (आधी झपाट्याने, मग हळू उतरणारा). अटेन्युएटर वगळू नका. एन्व्हलप ८ व्होल्ट देत असेल तर स्वर तब्बल आठ सप्तके वर उडेल. ३ व्होल्ट पुरेत. म्हणजे ४०० हर्ट्झपासून खाली ५० वर. लिनियर (सरळ रेषेतल्या) वक्रात स्वर वरच्या पट्टीत जास्त वेळ रेंगाळतो आणि ‘प्यूं’ ऐकू येतो. एक्स्पोनेन्शियल वक्र झपकन खाली येतो, कानाला घसरण न जाणवता नुसता ठोका लागतो.

दर ठोका थोडा वेगळा येत असेल तर त्याचं कारण मुक्त फिरणारा ऑसिलेटर. दर वेळी लहर वेगळ्या जागी पकडली जाते. हार्ड सिंकचं (लहर पुन्हा सुरुवातीपासून सुरू करणारं) इनपुट असेल तर त्यालाही तोच ट्रिगर देऊन पाहा.

प्रश्न : रिलीज दोन सेकंद ठेवूनही आवाज अर्ध्या सेकंदात विझतो.

उत्तर : एन्व्हलपही एक्स्पोनेन्शियल, व्हीसीएही एक्स्पोनेन्शियल, असं झालं असेल. वाकवलेलं पुन्हा वाकतं. व्हीसीए लिनियर करा.

प्रश्न : फिल्टरवर एन्व्हलपचा परिणामच होत नाही.

उत्तर : कटऑफ (फिल्टर जिथून वरच्या कंपनसंख्या कापतो ती सीमा) आधीच पूर्ण उघडा असेल, तर एन्व्हलपला वर जायला जागाच नाही. कटऑफ खाली आणा आणि मग मॉड्युलेशनचा अटेन्युएटर हळूहळू उघडा. कटऑफ वरच ठेवायचा असेल तर अटेन्युव्हर्टरने एन्व्हलप उलटा करा. स्वर लागताच फिल्टर मिटेल आणि मग उघडत जाईल.